अड्याळच्या भैय्याजींचा विमानातला जावई

लग्न होऊन चंद्रकला नागपूरला आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिला कळलं की आपला नवरा हमाल आहे.

कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. तेजराम मोरीत आंघोळीला बसला होता आणि ती पाठ चोळायला साबण घेऊन उभी होती. उजव्या खांद्यावर, मानेच्या जरासं खाली, तळहाताएवढा काळा घट्टा. कातडं जाड झालेलं, चपलेच्या टाचेसारखं. चंद्रकला अड्याळच्या भैय्याजींची लेक. धान-तांदळाच्या दुकानात बोऱ्यांवर, म्हणजे पोत्यांवर, चढून-उतरून मोठी झालेली. बापाच्या दुकानात डोमा नावाचा हमाल होता, त्याच्या खांद्यावर असाच घट्टा होता, अगदी ह्याच जागी. लहानपणी ती त्यावर टिचकी मारून बघायची, तर डोमा हसायचा, "दुखत नाही वो पोरी, ते जागा कवाचीच झोपली."

तिनं नवऱ्याच्या घट्ट्यावर टिचकी मारली. नवऱ्याला पत्ता नाही.

"अवो," ती म्हणाली, "किती किलोचा बोरा उचलता तुमी?"

"नव्वद," तेजराम म्हणाला आणि मग त्याच्या हातून तांब्या सुटला. "म्हंजे... कोणता बोरा?"

आता ह्यात तेजरामचा दोष रुपयात चार आणे. बाकी बारा आणे त्याचा मामा श्यामराव ह्याचे. तेजराम आसगावचा, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, वाढलेला. नववी झाली आणि तो नागपूरला पळाला. सोनेगावच्या विमानतळावर एका विमान कंपनीत सामान चढवायच्या कामाला लागला. निळा सदरा, निळी पँट, खिशावर पितळेचा पक्षी. सुट्टीत तो त्याच कपड्यात गावी यायचा, कारण दुसरे कपडे बरे नव्हते. श्याममामानं तो पक्षी बघितला आणि भाच्याचं लग्न जमवायचं डोक्यात घेतलं. भैय्याजींच्या ओट्यावर बसून, पान खाऊन, एक पाय दुसऱ्यावर टाकून मामानं सांगितलं, "पोरगा विमानाच्या कंपनीत साहेब आहे जी. त्यानं हात वर केल्याबिगर विमान उडत नाही."

भैय्याजी खूश. पण त्यांच्या समोरच गोपीचंदचं दुकान. दोघांचाही धंदा तांदळाचा, दोघांचंही तोंड समोरासमोर, मग एकमेकांचं बरं कसं बघवणार? साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, गोपीचंदनं आपल्या ओट्यावरून आवाज दिला, "भैय्याजी, विमानात हमाल बी रायते म्हणतेत. नीट पाह्यलं ना जी?"

भर बाजार होता. पन्नास माणसं वळून बघायला लागली. भैय्याजींच्या पांढऱ्या धोतराला जणू कोणी चिखल मारला. ते उठले आणि ओट्याच्या कडेला येऊन गरजले, "माझा जावई पाठीवर ओझं वाहताना कोनाले दिसला, तं त्याच दिवशी पोरीले घरी आणीन! हमालाच्या घरी माझी पोरगी नांदणार नाही! आइकलं का रे सारे?"

साऱ्यांनी ऐकलं. चंद्रकलेनंही आतून ऐकलं होतं.

म्हणून मोरीतला तांब्या उचलत तेजरामनं विचारलं ते एवढंच, "मंग आता? जाता का तुमी?"

"जाईन कायले? भात चुलीवर आहे." चंद्रकलेनं त्याच्या पाठीवर दोन तांबे ओतले. "पण आयका. तुमच्या मामानं माझ्या बाबाले साहेब सांगितला. माझ्या बाबानं साऱ्या बाजाराले साहेब सांगितला. आता साहेब व्हाच लागते."

"कवापर्यंत?"

"बाबा दिवाळीच्या आधी येतो म्हणाले."

आणि आले. भैय्याजी इतवारीत तांदळाचा भाव बघायला म्हणून निघाले आणि जावयाची खोली शोधत थेट दारात. सोबत स्वतःचा फिरकीचा तांब्या, कारण लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. अशी पिढ्यांची एक-एक रीत भैय्याजी छातीशी धरून होते. त्यांतली सगळ्यांत मोठी जावयाची. जावई म्हणजे देव. त्याचे पाय धुवायचे, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, आणि सासऱ्याची चिमूटभर वस्तूसुद्धा त्याला उचलू द्यायची नाही. जावयानं सासऱ्याचं ओझं उचललं तर ते पाप सात पिढ्या फिटत नाही. लग्नात तेजरामनं नुसती त्यांची छत्री उचलून दिली, तर म्हाताऱ्यानं छत्रीच ब्राह्मणाला देऊन टाकली होती.

"जावईबापूचं हापिस दाखव," ते म्हणाले.

"बाबा, साहेब लोकायच्या हापिसात सासऱ्यानं जाचं नसते."

"मंग दुरून पाहू."

दुरून बघायला तेव्हा काही अडचण नव्हती. विमानतळाला तारेची जाळी होती आणि जाळीशी रिकामटेकडी माणसं शेंगदाणे खात विमान बघत उभी राहायची. चंद्रकला बापाला घेऊन गेली, वाटेत तीन वेळा चप्पल तुटल्याचं सोंग केलं, तरी विमान उभंच. आणि विमानाच्या पोटाशी सहा निळे सदरे. त्यातल्या एकाच्या खांद्यावर मोठी ट्रंक. चंद्रकलेला चाल ओळखू आली.

तिनं काय करावं? तिनं पदर डोक्यावरून काढला आणि जाळीवर झेंड्यासारखा हलवला.

तेजरामनं बघितलं. सासऱ्याचं पांढरं धोतर बघितलं. ट्रंक त्यानं शेजारच्याच्या खांद्यावर अशी दिली, की त्या बिचाऱ्याला कळलंच नाही आपल्यावर काय आलं. मग सामानाच्या गाडीवरचा कागद उचलला, कानामागची पेन्सिल हातात घेतली आणि हात वर करून उभा राहिला. इकडे बोट, तिकडे बोट. साथीदार चांगले होते. एकानं तर त्याला सलामसुद्धा ठोकला.

"पाह्य," भैय्याजी जाळीला नाक लावून म्हणाले, "कसा उभा आहे! राजा."

राजाच्या मागून घनश्यामबाबू येत होते. ते खरे साहेब, सामानाचे सुपरवायझर. "ए! क्या नाटक चल रहा है?"

नाटक करायचं तर नीट करावं म्हणून तेजरामनं कागद खरोखरच वाचला होता. तो चाचरत म्हणाला, "बाबूजी, कागज पे बत्तीस नग हैं, गाडी पे चौतीस. दो मुंबईवाले इधर आ गये." घनश्यामबाबूंनी मोजलं. चौतीस. दोन मुंबईचे. त्या महिन्यात तसं तीनदा घडलं होतं आणि तिन्ही वेळा घनश्यामबाबूंना वरून बोलणी बसली होती. त्यांनी तेजरामकडे नीट बघितलं. "कल से गिनती तू करेगा."

अशी पहिली बढती सासऱ्याच्या भीतीनं झाली. पुढच्याही तशाच.

कारण इकडे तेजराम एक पायरी चढला, की तिकडे अड्याळला भैय्याजी त्याला दोन पायऱ्या चढवून ठेवायचे. तेजराम नग मोजायला लागला, तर अड्याळात तो "सामानाचा मोठा साहेब" झाला. चंद्रकला माहेरून यायची ती नवी बातमी घेऊन, "बाबानं तुमाले आता तिकिटाचा साहेब केला. लागा कामाले."

तिकिटाच्या साहेबाला मॅट्रिक लागतं. चंद्रकला स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तिनं पुस्तकं आणली, नवऱ्याला पाटावर बसवलं आणि चुलीपुढून प्रश्न विचारायला लागली. उत्तर चुकलं की भातावर वरण पडायचं नाही. पहिल्या वर्षी इंग्रजीत गेला, दुसऱ्या वर्षी इंग्रजीत गेला, तिसऱ्या वर्षी, शहात्तर साली, काठावर का होईना, सुटला. तोवर पहिली मुलगी बसायला लागली होती आणि भैय्याजी लेकीच्या घरचं पाणी प्यायला मोकळे झाले होते, म्हणजे यायला-जायला आणखीच मोकळे.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत मात्र गोपीचंदनं पकडलं. मंडईची जत्रा भरली होती, रात्रीच्या दंडारीच्या नाचगाण्याचा मांडव पडत होता, ओट्यावर पाहुणे चिवडा खात होते. गोपीचंद मुद्दाम समोर येऊन बसला.

"जावईबापू, विमानात इंग्रजी बोलाव लागत असन ना जी?"

"लागते," भैय्याजींनीच उत्तर दिलं.

"मंग बोला ना जी थोडंसं. आमाले बी कळू द्या कसं रायते ते."

तेजरामच्या घशात चिवडा. चार वर्षं विमानाच्या पोटाशी उभं राहून एकच इंग्रजी त्याच्या कानावर रोज पडत होतं, भोंग्यातलं. त्यानं डोळे मिटले, मान ताठ केली आणि नाकातून, एका दमात सुरू केलं, "युअर अटेन्शन प्लीज! द डिपार्चर ऑफ फ्लाइट टू बॉम्बे इज डिलेड ड्यू टू लेट अरायव्हल ऑफ द एअरक्राफ्ट. द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड. थँक यू!"

चिवडा खाणारे हात थांबले. भैय्याजींचे डोळे भरून आले.

"म्हंजे काय जी?" गोपीचंदनं विचारलं.

चंद्रकला फराळाचं ताट घेऊन आतून आली. "म्हंजे गोपीचंदकाका, तुमी बसून राहा. तुमाले वेळ आहे."

लोक एवढे हसले, की गोपीचंदला लाडू घशाखाली उतरवायला पाणी लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अड्याळभर झालं, की विमानतळाच्या भोंग्यात बोलतो तो भैय्याजींचा जावई. परत येताना एसटीत चंद्रकला एवढंच म्हणाली, "आता भोंगा."

मग वर्षभर घरात भोंगा. तेजराम पितळी पेला तोंडाला लावून खिडकीत उभा राहायचा आणि विमानं सोडायचा. शेजारच्या गिरजाबाईला मुंबईच्या विमानाची वेळ पाठ झाली. ती त्यावर दूध तापवायला ठेवायची. एकदा त्यानं चुकून हैदराबादचं आधी सोडलं, तर गिरजाबाई भिंतीपलीकडून ओरडली, "अवो, मुंबईचं राह्यलं!" अठ्ठ्याहत्तर साली काउंटरवरची जागा निघाली. तेजरामनं परीक्षा दिली, तोंडी परीक्षेत साहेबांनी घोषणा करायला सांगितली. खिडकीत हजार वेळा केलेली ती. झाला पास. पांढरा सदरा, गळ्यात निळी टाय. टाय बांधायची चंद्रकला, कारण दुकानात बोऱ्याचं तोंड बांधायची गाठ तिला लहानपणापासून येत होती. ती सुटत नसे. घरी आल्यावर तेजराम टाय डोक्यावरून काढून खुंटीला तशीच अडकवायचा.

पुढची पायरी मात्र त्यानं बायकोच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या डोक्यानं चढली. विमान उडायच्या आधी एक कागद भरतात. माणसं किती, सामान किती, पुढं किती, मागं किती. छोटं विमान तर फार नखरेवालं. वजन मागं गेलं की बिघडलंच. तो हिशेब शिकवताना चांगले शिकलेले लोक डोकं धरून बसायचे. तेजराम बसला नाही. त्यानं शिकवणाऱ्या साहेबाला सांगितलं, "साहेब, ही धानाची बैलगाडी आहे. मागून जास्त भरली का उलाळ होते. जू बैलायच्या मानेवरून वर उठते. पुढं जास्त भरली का बैल बसतेत. आमच्या आसगावात हे आठ वर्साच्या पोराले समजते." आकडे कागदावर करायचा, पण त्याआधी विमानाभोवती एक चक्कर मारायचा आणि तोंडानंच सांगायचा, दोन नग पुढं घ्या. कागद नंतर तेच सांगायचा. वैमानिक लोक विचारायला लागले, आज तेजराम आहे ना? एक्क्याऐंशी साली तो ड्यूटी ऑफिसर झाला आणि शहाऐंशीच्या पावसाळ्यात असिस्टंट स्टेशन मॅनेजर. स्वतःची खोली, टेबलावर फोन, दारावर नावाची पाटी. कोट.

त्या दिवशी चंद्रकलेनं खीर केली आणि हिशेब करून बघितला. अड्याळात भैय्याजींनी त्याला मॅनेजर म्हणून सांगून दीड वर्ष झालं होतं. म्हणजे आता दोन्हीकडे एकच. तेरा वर्षं पुढं पळणारं खोटं आज सापडलं होतं. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बघितलं. घट्टा मऊ झाला होता, पण होता. "आता," ती म्हणाली, "कोनाच्या बापाले भेवाचं काम नाही."

स्वतःच्या बापाला ती विसरली.

धान निघालं, डिसेंबर आला. गोपीचंदनं ओट्यावरून विचारलं, "भैय्याजी, जावई मॅनेजर, अन् तुमी विमान आतून पाह्यलं नाही?" भैय्याजी त्याच दिवशी उठले. रायपूरच्या गिरणीवाल्याकडे जायचंच होतं. त्यांनी दोन तिकिटं काढली, स्वतःच्या पैशानं, जावयाला कळू न देता. दुसरं तिकीट गोपीचंदचं. साक्षीला माणूस पाहिजे ना! आणि गिरणीवाल्याला भेट म्हणून चिन्नोर तांदळाचे दोन बोरे, त्यावर लाल शाईनं मोठं 'भै' लिहिलेलं.

ते विमानतळावर पोचले, तेव्हा तेजरामला कळलं. तो धावत आला, पाया पडायला वाकला, तर भैय्याजीच त्याच्या पाया पडायला वाकले आणि दोघांची डोकी आपटली. बोरे मालाच्या गाडीवरून गेले. चंद्रकला मुलींना घेऊन विमानतळाच्या गच्चीवर उभी राहिली, बापाला हात करायला.

आता त्या दिवशी नेमकं सामान चढवणाऱ्यांतल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं, आणि सगळे तिकडे. उरले दोघे. त्यातल्या एकाच्या पायावर पेटी पडली. माणसं आत बसून झाली, पंखे फिरायची वेळ झाली, आणि तेजरामनं विमानाभोवती आपली चक्कर मारली. मागं जड. चार बोरे मागच्या कप्प्यातून काढून पुढच्या कप्प्यात न्यायला पाहिजेत, आणि उचलायला माणूस एक. वैमानिक खिडकीतून घड्याळ दाखवतोय.

तेजरामनं कोट काढून शिडीच्या दांड्यावर अडकवला. टाय सदऱ्याच्या आत खुपसली. पहिला बोरा घेतला. गुडघा मोडला, श्वास धरला, एक झटका, आणि बोरा त्याच्या जुन्या जागी जाऊन बसला, जसा पाहुणा ओळखीच्या पाटावर बसतो. वर गच्चीवर चंद्रकलेनं डोळे झाकले. मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर लाल शाई होती.

विमानात खिडकीशी भैय्याजी बसलेले. पट्टा बांधलेला, हातात गोळी-चॉकलेट. त्यांनी बघितलं. आपला 'भै' जावयाच्या खांद्यावर! हमाल-बिमाल काही त्यांच्या डोक्यात आलं नाही, आली ती सात पिढ्यांची रीत. त्यांनी पट्टा कसा सोडला देव जाणे, विमानातली बाई "सर, सर" करत राहिली आणि म्हातारा धोतर सावरत शिडीवरून खाली.

"जावईबापू! ठेवा! खाली ठेवा! पाप लागते मले!"

"बाबूजी, आत जा, वेळ झाली!"

"माझा बोरा आहे तो!"

"आता कंपनीचा आहे!"

तेजराम थांबेना. नव्वद किलो खांद्यावर असताना माणूस थांबत नाही, थांबला तर बसतो. तो पुढं आणि मागून बोऱ्याचा कान धरून भैय्याजी, असे दोघे विमानाच्या बाजूनं चालले. मागून गोपीचंदही उतरला होता. तो पाप-बिप काही बघत नव्हता. त्यानं नुसतं म्हटलं, "भैय्याजी, बोरा सोडा. चाल पाहा."

भैय्याजींनी चाल बघितली. पस्तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून हमाल गेले होते. पाय कसे टाकायचे, डावा हात कमरेवर कसा ठेवायचा, कप्प्याशी पोचल्यावर खांदा खाली न करता बोरा कसा सरकवायचा, हे साहेबाला एका दिवसात येत नाही. त्यांनी बोऱ्याचा कान सोडला. चौथाही 'भै' गेला, तेव्हा ते वळले. शिडी चढले, पट्टा बांधला. रायपूरपर्यंत खिडकीतून ढगांकडे बघत राहिले, आणि गोपीचंदनं दोघांची चॉकलेटं खाल्ली.

चार दिवसांनी भैय्याजी लेकीच्या दारात आले. तेजराम ड्यूटीवर होता.

"खरं सांग. हमाल होता?"

"हो, बाबा. तुमी मले देल्ली तवा होते."

"तुले कवा समजलं?"

"तिसऱ्या दिवशी."

भैय्याजी खुर्चीवर बसले. "तेरा वर्सं! तेरा वर्सं माह्या तोंडावर...! अन् मी साऱ्या अड्याळले भोंगा सांगतला!"

"भोंगा खरा होता, बाबा. उशिरा झाला एवढंच."

"भर बाजारात बोललो होतो मी. गोपीचंद सोबत होता. त्यानं डोळ्यानं पाह्यलं." म्हातारा उठला. "चाल. सामान बांध."

चंद्रकलेनं बापाचं तोंड बघितलं. हे तोंड हटणारं नव्हतं. तिनं मुलींचे फ्रॉक पिशवीत भरले, भात झाकून ठेवला, आणि त्यावर चिठ्ठी, 'बाबा घेऊन गेले. भांडण नाही, शब्द आहे. लोणचं वरच्या फळीवर. आणाले या, पण कोट घालून या.'

अड्याळात बातमी आधीच पोचली होती. मॅनेजर जावयाची बायको बापानं परत आणली! पहिले दोन दिवस भैय्याजी ताठ. तिसऱ्या दिवशी चंद्रकलेची आई शकुनबाई चुलीपुढून म्हणाली, "आणली तं आणली. आता ठेवता कुठं? कोठीत का?" शब्द त्यांनी आणायचा दिला होता, पुढचं काही ठरवलंच नव्हतं. पोरगी परत पाठवावी तर हमालाच्या घरी नांदणार नाही म्हटलेलं. ठेवावी तर सोन्यासारखा संसार मोडतो. दुकानातली धानाची मूठ सारखी ह्या हातातून त्या हातात करत ते ओट्यावर बसून राहिले. चंद्रकला बापाला पुरती ओळखून होती. गोपीचंद समोर बसला असेपर्यंत म्हातारा मेला तरी मागं फिरला नसता.

बाजाराच्या दिवशी तेजराम आला. कोट घालून आला. एसटी स्टँडपासून दुकानापर्यंत त्याच्या मागून अर्धा बाजार आला. भैय्याजींनी रीत सोडली नाही. पाट मांडला, जावयाचे पाय धुतले, टॉवेलनं पुसले आणि मग म्हणाले, "पोरगी पाठवणार नाही."

"काहून जी?"

"तुमी हमाल होते."

"होतो."

"मंग झालं. माहा शब्द आहे."

तेव्हा आतून बोरा घेऊन डोमा येत होता. डोमा आता साठीचा. त्यानं बोरा खाली टाकला, घाम पुसला, आणि मालकापुढं कधी बसला नव्हता तो ओट्याच्या पायरीवर बसला.

"मालक, तो शब्द तुमी बोलले तवा मी इथंच होतो."

"मंग?"

"तुमचाच बोरा माह्या खांद्यावर होता. हमालाच्या घरी पोरगी नांदणार नाही म्हणाले तुमी. माही घरवाली चंद्रभागाबाई तवा तुमच्या आंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं मले घरी इचारलं, आपल्या घरी मी नांदून राह्यली का काय करून राह्यली?" डोमानं विडी पेटवली. "मी म्हणलं, मालक रागात आहेत, उद्या मागं घेतीन. तेरा वर्सं झाले. वाट पाहून राह्यलो."

गोपीचंदनं समोरून नुसतं खाकरलं.

भैय्याजींनी डोमाकडे बघितलं, मग त्या धुतलेल्या पायांकडे. म्हाताऱ्याला कळलं, पण 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडात आजवर गेला नव्हता, त्याला जागा कुठून मिळणार? ते उठले. आत गेले. कोठीतून चिन्नोरचा एक बोरा ओढत ओट्याच्या कडेला आणला. खाली उतरले, धोतराचा काचा मारला, आणि खांदा बोऱ्याला लावला.

"बाबा!" चंद्रकला ओरडली. "काय करून राह्यले?"

"पोरीले वाटी लावून राह्यलो," ते दात आवळून म्हणाले. "तांदूळ सोबत जाते. जावई उचलू शकत नाही, माहा माल आहे. डोमा आज बसला आहे. मंग कोन उचलन?"

म्हणजे पाठवत होते! चंद्रकलेनं तोंडाला पदर लावला, हसू का रडू ते कोणाला दिसलं नाही. पण बोरा हलेना.

"कमरेनं नका उचलू जी," तेजराम पाटावरून म्हणाला. "गुडघा मोडा."

"मोडला."

"मान खाली नका घालू. श्वास धरा."

"अन् हात कंबरेवर, मालक," डोमा विडी ओढत म्हणाला. "नाचणाऱ्या बाईसारखा नाही. घट्ट."

एक झटका, आणि बोरा उचलला गेला. भैय्याजी तीन पावलं चालले. चौथं पाऊल त्यांनी गोपीचंदच्या ओट्याशी टाकलं, ते टाकलं नाही, पडलं. बोरा गोपीचंदच्या मांडीवर.

"धर!" भैय्याजी म्हणाले.

"मी कायले?"

"विमान दाखवलं तुले! चॉकलेटं खाल्ली माही! धर त्या बाजूनं!"

बाजार एवढा हसायला लागला, की गोपीचंदला धरण्यावाचून इलाज नव्हता. मग अड्याळातले दोन मोठे व्यापारी, एक पुढून एक मागून, बोरा लोंबकळवत एसटी स्टँडकडे निघाले. मिरचीवाल्या बायकांनी टोपल्या बाजूला सरकवून वाट दिली. मागून हात मागं बांधून असिस्टंट स्टेशन मॅनेजर आणि डोमा हमाल, दोघांचं तोंड थांबेना. "मागं जड होऊन राह्यलं, गोपीचंदशेट, थोडं पुढं या!" "पाय सोबत टाका जी, एकाच वेळी!" सगळ्यांत मागं चंद्रकला, दोन मुलींचे हात धरून.

एसटी उभीच होती. बोरा दाराशी आदळला. दोघे त्यावरच बसले, धापा टाकत, एकाच बोऱ्यावर, पाठीला पाठ लावून.

कंडक्टर पंच वाजवत आला. "माल कोनाचा?"

भैय्याजींनी श्वास घेतला. सारा बाजार ऐकत होता, आणि ते ओट्यावरून बोलले होते त्याच आवाजात बोलले.

"हमालाच्या घरचा! माह्या जावयाच्या! टपावर नीट ठेव, नाही तं तोच वर चढन अन् मंग तुही एसटी अर्धा घंटा हलत नाही!"